पाच वॅटांत भागतं कसं?

दारव्ह्याच्या आत्याच्या घराची माडी रिकामी करायची ठरली, तेव्हा कोणालाच नको असलेल्या सामानात एक रेडिओग्राम निघाला. कपाटाएवढी पेटी, वर तबकडी वाजवायचं झाकण, खाली कापडाची जाळी. आतेभाऊ म्हणाला, "नेतं का? नाही तं भंगारवाला येऊनच राह्यला." छोट्या हत्तीत घालून तो यवतमाळला आणला. पेटीच्या तळाला वाळवी लागली होती, आतलं मशीन मात्र शाबूत होतं. काचेचे चार-पाच व्हॉल्व्ह, आणि त्यातला शेवटचा, म्हणजे स्पीकर ढकलणारा, ईएल-८४. त्याच्या काचेवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा अर्धवट पुसलेला शिक्का.

जुने कंडेन्सर बदलले, सॉकेट घासून साफ केली, आणि एका रविवारी व्हॉल्व्हच्या पोटात तो निखाऱ्यासारखा उजेड दिसला. वाळवीची पेटी घरात कशाला, म्हणून मशीन तेवढं टेबलावर मांडलं आणि माझ्याकडच्या एका नावाजलेल्या, चांगल्यापैकी महाग अशा छोट्या हाय-फाय स्पीकरला जोडलं. वाजलं, पण जीव नव्हता. आवाज पूर्ण उघडला तरी गाणारा जणू शेजारच्या खोलीत बसलेला. आणि तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरीवर थाप पडली की सगळंच चिरकायचं. वैतागून त्याच दोन वायरी व्हरांड्यात पडलेल्या वाळवीच्या पेटीतल्या कागदी स्पीकरला लावल्या. घर भरून गेलं. आतून हाक आली, "आवाज कमी करा!"

मशीन तेच, गाणं तेच, वॅटही तेच पाच. मग फरक पडला कुठे?

हल्ली व्हॉल्व्हच्या मशीनची हौस पुन्हा आली आहे. नवी मंडळी त्याला 'ट्यूब अँप' म्हणतात. आपल्याकडे ट्यूब म्हटलं की भिंतीवरची दांडीच डोळ्यांपुढे येते, म्हणून मी आपला व्हॉल्व्हच म्हणतो. या हौशी लोकांच्या चर्चा ऐकल्या तर निम्मा वेळ कोणत्या देशातल्या कोणत्या वर्षीच्या व्हॉल्व्हचा आवाज मखमली, यावर जातो. माझं मत जरा खवचट आहे. व्हॉल्व्हच्या नावावर जमा होणारी बरीचशी जादू आणि त्याच्या नावावर फाडली जाणारी बरीचशी बिलं, दोन्ही व्हॉल्व्हमध्ये नसतात. ती व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या जागेत असतात.

स्पीकर घेताना आपण विचारतो, "किती वॅटचा?" हा प्रश्नच इथे निकामी आहे. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो त्याचा आकडा. गाडीवर किती माल चढवता येईल हे कळल्यानं ती ओढायला हलकी आहे की जड, हे कळत नाही. ओढायला हलकी की जड हे सांगणारा आकडा वेगळा असतो, सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे संवेदनशीलतेचा. स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवर माप घेतलं, तर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. माझ्या छोट्या स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल छापलं होतं. वाईट नाही वाटत. पण पुढे बारीक अक्षरात '२.८३ व्होल्ट' असं होतं, आणि स्पीकर होता ४ ओहमचा. इथे खरी मेख आहे. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर एक वॅट होतो. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्याच व्होल्टला दोन वॅट जातात. म्हणजे ८७ हा आकडा दोन वॅटांचा. एका वॅटचा हिशेब धरला तर तीन डेसिबल वजा, उरले ८४. कंपनीनं खोटं काही लिहिलेलं नाही, फक्त सोयीचं लिहिलं आहे.

डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०. आणि कानाला मात्र ती दहापट साधारण 'दुप्पट मोठा आवाज' एवढीच वाटते. उलट अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल गळतात. आता खोलीत स्पीकरपासून तीन मीटरवर बसलो आणि तिथे सरासरी ७५ डेसिबल हवेत असं धरू. रंगात आलेल्या गप्पांपेक्षा थोडं वर, एवढा हा आवाज. त्यासाठी एक मीटरवर सुमारे ८४.५ डेसिबल लागतील. ८४ च्या स्पीकरला हे जेमतेम एका वॅटात जमतं. एक वॅट! मग पाच वॅट कमी का पडावेत?

कारण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप, खंजिरीचा फटका, तानेचं टोक हे क्षणभरासाठी सरासरीच्या १५ डेसिबल वर सहज जातात. १५ डेसिबल म्हणजे शक्ती बत्तीसपट. छोट्या स्पीकरला त्या क्षणी ३५ वॅट हवे होते आणि माझ्याकडे पाच. चिरकणं तेच होतं. आता ९५ डेसिबलचा स्पीकर घ्या. सरासरीला एका वॅटचा अकरावा हिस्सा पुरतो आणि खंजिरीच्या फटक्याला पावणेतीन-तीन वॅट. पाचात भागून वर उरतं. खोलीच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे घरातलं गणित याहून थोडं उदार असतं, पण दोन स्पीकरांमधलं अंतर तेवढंच राहतं.

ही तफावत आणखी एका आकड्यानं अंगावर येते. स्पीकर हे यंत्र म्हणून अत्यंत उधळं आहे. ८४ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेतला हजारातला दीड हिस्सा आवाजात बदलतो आणि बाकी सगळी वीज कॉइल तापवण्यात घालवतो. ९५ चा स्पीकर शंभरात दोन हिस्से. तोही काही कर्तबगार म्हणावा असा नाही, पण पहिल्यापेक्षा बारापटीनं बरा.

इथे यवतमाळचं एक गणित वेगळं जोडावं लागतं, जे परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि घराघरांत खसच्या ताट्यांचे कूलर घरघरतात. कूलर चालू असताना सगळ्या नाजूक जागा त्या घरघरीखाली बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. आणि आवाज १० डेसिबल वाढवला म्हणजे वॅट दहापट मागितले. शांत खोलीत जे मशीन ऐटीत वाजतं, ते कूलरपुढे केविलवाणं होतं. मुंबईच्या एसीवाल्या खोलीत बसून कुणी 'पाच वॅट पुरतात' म्हणालं, तर ते त्याच्यापुरतं खरं आहे.

मग जुने स्पीकर एवढे तरतरीत आणि नवे असे मंद का? जुनं ते सोनं, असलं काही नाही. वॅट महाग होते म्हणून. फ्लेमिंगचा पहिला व्हॉल्व्ह १९०४ चा, डी फॉरेस्टचा ट्रायोड १९०६ चा, आणि आज आपण वापरतो तसा हलत्या कॉइलचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये सिद्ध केला. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ एकेका वॅटसाठी मोठा व्हॉल्व्ह, जड ट्रान्सफॉर्मर आणि भरपूर उष्णता असा दाम मोजावा लागे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या काळात पूर्ण भरलेलं थिएटर ऐकवायला आजच्या पोरांच्या ब्लूटूथ डब्याइतके वॅट असले तरी पुष्कळ मानत. जे वॅट मिळत त्यातून जास्तीत जास्त आवाज पिळून काढायचं काम स्पीकरचं होतं. त्यामुळे कागदाचा हलका शंकू, मोठं चुंबक, मोठी पेटी, आणि थिएटरात पडद्यामागे खोलीएवढे भोंगे. घरच्या रेडिओचंही तेच. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' लागलं, ते लोकांनी ऐकलं ते असल्याच तीन-चार वॅटांच्या व्हॉल्व्हच्या संचांवर. आणि त्या रेडिओपुढे घरचेच नव्हे, शेजारचेही बसत.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीचा एक छोटा स्पीकर काढला. आतल्या कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग करून त्यांनी लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. दाम एकच होता, संवेदनशीलता घसरली. जोसेफ हॉफमन या विख्यात पियानोवादकाचा मुलगा अँटन हॉफमन हा पुढे केएलएच या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक झाला. त्याच्या नावानं एक 'लोखंडी नियम' सांगतात. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या वॅटांत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच मिळतील. तिसऱ्यावर पाणी सोडायचं. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रान्झिस्टर. त्यानं वॅट स्वस्त केले. पन्नास, शंभर, हवे तेवढे घ्या. मग थोड्या वॅटांतल्या मोठ्या आवाजावर पाणी सोडणं अगदी परवडू लागलं. दिवाणखान्यातल्या कपाटात मावणारे, सुंदर दिसणारे, खोल खर्जाचे आणि वॅट ढोसणारे स्पीकर घरोघर आले. त्यात चूक काही नाही. ते त्यांच्या काळच्या मशीनला जुळतात, माझ्या रेडिओग्रामला जुळत नाहीत, एवढंच.

या गणिताचं दुसरं टोक पाहायचं तर जत्रेत जा. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत किंवा घाटंजीच्या मारोती महाराजांच्या जत्रेत लिंबाच्या फांदीला बांधलेला ॲल्युमिनियमचा भोंगा आठवा. मांडव-डेकोरेशनवाले त्याच्या मागच्या गोल डब्याला 'युनिट' म्हणतात आणि अँप्लिफायरला नुसतं 'मशीन'. भोंग्याची संवेदनशीलता १०५ ते ११० डेसिबल. जुन्या व्हॉल्व्हच्या ३० वॅटच्या मशीनवर १०८ डेसिबलचा एक भोंगा लावला तर शंभर मीटरवर उभ्या माणसालाही ८० च्या वर डेसिबल ऐकू येतात. हरवलेल्या पोराचं नाव अख्ख्या मैदानाला कळतं ते त्यामुळे. मात्र भोंग्याला खर्ज नाही, आणि खर्ज हवा तर भोंगा खोलीएवढा करा. हॉफमनचा नियम जत्रेतही सुटत नाही.

आता दुसरी जुळणी, ओहमची. पहिली, संवेदनशीलतेची, चुकली तर आवाज बिघडतो, ही चुकली तर मशीनही जातं. माझं गेलं.

व्हॉल्व्हचा स्वभाव असा की तो व्होल्टेज भरपूर देतो, करंट मोजकाच. स्पीकरला नेमकं उलटं लागतं. मधे दुभाषा म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो. गावाच्या वेशीवर जी डीपी असते, तिचंच हे घरगुती रूप. डीपीत ११ हजार व्होल्ट येतात आणि ४३३ होऊन बाहेर पडतात, म्हणजे सुमारे २५ पटीनं उतरतात. एकट्या ईएल-८४ ला समोर ५२०० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा, भागाकार ६५०. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये ओहम उतरतात ते वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गानं, म्हणून ६५० चं वर्गमूळ, साडेपंचवीस. तिकडे पंचवीस, इकडे साडेपंचवीस. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

ही डीपी स्वतः ओहम तयार करत नाही, समोर जे असेल ते मोठं करून व्हॉल्व्हला दाखवते. ८ ओहमच्या टोकाला ४ ओहमचा स्पीकर लावलात, तर व्हॉल्व्हला ५२०० च्या जागी २६०० दिसतात. तो दमतो, विकृती वाढते, ताकद उतरते. आणि काहीच लावलं नाही तर? एका संध्याकाळी गाणं चालू असतानाच मी स्पीकरची वायर उपटली, दुसरा लावून पाहायच्या घाईत. सॉकेटच्या पायांत निळी ठिणगी नाचली आणि खोलीत जळक्या वार्निशचा वास पसरला. झालं असं की व्हॉल्व्ह करंट ढकलतच होता, पण पलीकडे तो घेणारं कोणी नव्हतं. वाट तुंबली की पाणी बांधावरून चढतं, तसं वेढ्यांत व्होल्टेज हजाराच्या पुढे चढलं आणि तारेवरचं एनॅमल फुटलं. ट्रान्झिस्टरच्या मशीनचं याच्या उलट असतं. त्याच्या स्पीकरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर ते मरतं, मोकळ्या राहिल्या तर त्याला फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरवर वाढलेल्या माणसाचा हात व्हॉल्व्हच्या मशीनवर घातक ठरतो तो ह्याच सवयीनं.

तसला ट्रान्सफॉर्मर आता दुकानात सहज मिळत नाही. आर्णी रोडवर शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारं एक दुकान आहे. कपाशीच्या हंगामात तिथे जळालेल्या मोटारींची रांग लागलेली असते. माझी बॉबिन हातात फिरवत भरणारा म्हणाला, "साहेब, आम्ही वीस नंबरची तार ओढणारी माणसं. हे तं केसाइतकं बारीक काम हाय." तरी घेतलं. मी कागदावर लिहून दिलं, आत २५५० वेढे, बाहेर १०० वेढे ८ ओहमसाठी, आणि ४ ओहमसाठी मधेच ५० वर एक टोक काढा. चार म्हणजे आठाचं अर्धं, शंभराचे अर्धे पन्नास. ट्रान्सफॉर्मर तयार होऊन, पत्त्या ठोकून, वार्निश वाळल्यावर माझ्या डोक्यात वर्गमूळ शिरलं. अर्ध्या वेढ्यांवर ओहम चतुर्थांश होतात. ते टोक ४ चं झालंच नव्हतं, २ चं झालं होतं. चारासाठी ७१ वेढ्यांवर टोक काढायला हवं होतं. चूक माझी, तार त्याची.

दुसऱ्यांदा भरताना आणखी एक सुधारणा झाली. पहिल्या वेळी त्यानं सवयीनं आधी सगळी बारीक तार आणि तिच्यावर सगळी जाड तार घातली होती. आवाज गोधडी पांघरल्यासारखा. झांजांची चमक गायब. दोन गुंडाळ्या एकमेकींपासून दूर पडल्या की वरचे सूर मधल्यामधे गळतात. या वेळी बारीक तारेचे दोन भाग केले आणि जाड तार मधे घातली, सँडविचसारखी. शिवाय पत्त्यांच्या 'ई' आणि 'आय' या दोन गठ्ठ्यांमध्ये कागदाची एक पातळ पट्टी ठेवली, कारण एकट्या व्हॉल्व्हचा करंट एकाच दिशेनं सतत वाहतो आणि फट नसेल तर लोखंड चुंबकत्वानं तुडुंब भरून जातं; मग खर्जासाठी जागाच उरत नाही. हे त्याला सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, पण पट्टी अगदी मन लावून कापली.

आतापर्यंत मी '८ ओहमचा स्पीकर' असं म्हणत आलो, पण असा स्पीकर जगात नसतो. मल्टिमीटर लावा, सहा-साडेसहा दाखवेल. तो नुसत्या तारेचा रोध. गाणं सुरू झालं की प्रत्येक सुराला स्पीकरचे ओहम वेगळे. खाली खर्जात एका ठरावीक जागी शंकू स्वतःच डोलू लागतो, तिथे ते ३०-४० वर चढतात. मग ६-७ वर उतरतात. वर पुन्हा चढतात. ८ हा त्या डोंगर-दऱ्यांचा एक मान्य आकडा. ट्रान्झिस्टरच्या मशीनला या चढउताराचं सोयरसुतक नसतं, कारण त्याचा स्वतःचा आतला रोध जवळजवळ शून्य. व्हॉल्व्हच्या मशीनचा मात्र एक, दोन, कधी तीन ओहम. दोन धरा. जिथे स्पीकर ६ ओहमचा आहे तिथे मशीनच्या व्होल्टेजपैकी आठात सहा भाग स्पीकरला पोचतात, म्हणजे ७५ टक्के; जिथे तो ४० ओहमचा आहे तिथे ९५ टक्के. फरक दोन डेसिबलचा. हे कानाला सहज कळतं. खर्जाला थोडा फुगारा, वरच्या सुरांना थोडी झळाळी. आणि आपण म्हणतो, अहाहा, काय ऊबदार व्हॉल्व्ह आहे!

हे माझ्या एकट्याचं खूळ नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर या इंजिनिअरनं 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या मंडळींना आव्हान दिलं की तुमच्या आवडत्या महागड्या अँप्लिफायरसारखं माझं स्वस्त ट्रान्झिस्टरचं मशीन वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचं एक मशीन पुढे केलं. कार्व्हरनं दोन्ही मशीन एकाच स्पीकरवर तोलत, फरक मोजत, आपल्या मशीनमध्ये दुरुस्त्या केल्या, आणि शेवटी ऐकणाऱ्यांना दोन्ही वेगळी ओळखता आली नाहीत. या दुरुस्त्यांमधली एक मोठी म्हणजे आतला रोध मुद्दाम वाढवणं. काही रुपयांच्या रेझिस्टरनं मखमल विणता येते, असा याचा अर्थ. व्हॉल्व्हप्रेमींना हे ऐकवलं की ते चहा मागवतात आणि विषय बदलतात.

पण यातूनच स्पीकर निवडायची खरी कसोटी मिळते. ज्याच्या ओहमचा आलेख सपाट, त्याच्यावर कोणताही व्हॉल्व्ह सरळ वागतो. ज्याचा आलेख एकदम ३ ओहमपर्यंत खड्ड्यात जातो, त्याच्याशी छोट्या व्हॉल्व्ह मशीननं सोयरीकच करू नये. तीन-चार स्पीकर आणि आत गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर असलेल्या उंच खांबांमध्ये हे खड्डे हमखास असतात. याला साजरा अपवादही आहे. बीबीसीनं सत्तरच्या दशकात आपल्या बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ ए नावाचा बुटांच्या खोक्याएवढा स्पीकर तयार केला. संवेदनशीलता जेमतेम ८२-८३, म्हणजे माझ्या गणितानं नापास. तरी पंधरा-वीस वॅटांच्या व्हॉल्व्ह मशीनवर तो लहान खोलीत फार गोड वाजतो. त्याचे ओहम होते १५. व्हॉल्व्हला तो कुठेही धक्का देत नाही. आवाज मोठा मागू नका म्हणजे झालं.

हाताशी असलेल्या स्पीकरची जात ओळखायला फार साहित्य लागत नाही. शंकूवर बोटानं हलकेच दाबा. कागदी, हलका, कडेला नुसती सुरकुतलेली घडी आणि जेमतेम हलणारा असेल तर तो बहुधा जुन्या, तरतरीत जातीचा. जड, रबरी कडेचा, खोल आत जाणारा असेल तर त्याला वॅट लागणार. दोन स्पीकर लावणार असाल तर रेडिओ मेकॅनिकची जुनी युक्ती करा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' होतं आणि शंकू पुढे येतो किंवा मागे जातो. पुढे आला तर सेलचं अधिक टोक लावलं ते स्पीकरचं अधिक. एकाची जोडणी उलटी झाली तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि माणूस उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतो. स्पीकर ८ चा असेल आणि मशीनला ४ चं टोक असेल तर तेही लावून पाहा. ताकद थोडी घटते, पण आतला रोध निम्मा होतो, त्यामुळे खर्ज आवळून येतो. मशीन बंद करून, वायर बदलून, मग पुन्हा सुरू करून. (कारण वर आलंच आहे.) आणि बंद केलेल्या मशीनच्या पोटातही हात घालू नये; तिथल्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट बराच वेळ दबा धरून असतात.

वायरींबद्दल दोनच शब्द. दीड चौरस मिलिमीटरची साधी घरगुती वायर तीन मीटर नेली तर येऊन-जाऊन तिचा रोध ओहमच्या सात शतांशाएवढा. मशीनचा स्वतःचा दोन ओहम. दोन ओहमच्या मशीनपुढे हजारो रुपयांची चांदीची वायर लावणं म्हणजे गळक्या कवेलूंच्या घराला चांदीची पन्हळ.

वाळवीच्या पेटीचं पुढे काय झालं ते राहिलं. ती टाकली, पण आतला लंबगोल कागदी स्पीकर जपून काढला आणि साडेतीन फूट रुंद जाड प्लायच्या फळीला भोक पाडून बसवला. मागून उघडाच. शंकू पुढे जातो तेव्हा मागे पोकळी होते, आणि मागची लाट वळसा घालून पुढे आली की दोन्ही एकमेकींना मारतात. शंभर हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते. वळसा जितका लांब, तितका खर्ज वाचतो. जुन्या रेडिओग्रामची पेटी कपाटाएवढी असण्यामागे रुबाब होताच, पण हेही होतं. माझ्या फळीवर पखवाज पूर्ण उतरत नाही. आवाज मात्र घरभर मोकळा फिरतो.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी, कूलर माळ्यावर गेल्यानंतर, मोटारी भरणाऱ्याला ऐकायला बोलावलं. तो आला, फळीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. भजन लावलं, खंजिरी कडाडली. तो खुर्चीवर बसला नाही. आधी वाकून आपल्या ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला, आणि बराच वेळ ठेवून राहिला.

"गरम नाही होऊन राह्यला," म्हणाला, आणि मग बसला ऐकायला.